तळणीचे उरलेले तेल : घरगुती उपयोग व योग्य विल्हेवाट

आषाढ तळून झाला, दिवाळीचा फराळ डब्यांत भरला किंवा घरचे लग्नकार्य आटोपले की, प्रत्येक स्वयंपाकघरात एक प्रश्न उभा राहतो : कढईत उरलेल्या तेलाचे काय करावयाचे? बहुतेक घरी ह्या प्रश्नाची दोनच उत्तरे दिली जातात. एक म्हणजे ते तेल पुनःपुन्हा तापवून संपेपर्यंत खाणे, आणि दुसरे म्हणजे ते मोरीत ओतून देणे. पहिल्या उपायाने कुटुंबाच्या आरोग्यास बाध येतो. दुसऱ्या उपायाने घरामागचा शोषखड्डा निकामी होतो व पुन्हा डबके साचू लागते.

वास्तविक उरलेले तेल हा कचरा नव्हे. ते आपल्याच शेतात पिकलेल्या किंवा परदेशातून विकत आणलेल्या तेलबियांचे सत्त्व आहे. त्याच्या उपयोगाच्या ठरावीक पायऱ्या आहेत. चांगले असेतो ते अन्नात वापरावे. अन्नास अयोग्य झाल्यावर त्याचा साबण करावा किंवा ते अवजारांस लावावे. आणि तेवढ्यानेही संपत नसेल तर ते गावात एकत्र करून योग्य हाती द्यावे. मोरी ही ह्यांपैकी कोणतीच पायरी नव्हे. ह्या पायऱ्यांची माहिती ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना व शेतकरी बंधुभगिनींना करून द्यावी, ह्या हेतूने प्रस्तुत पाठ लिहिला आहे.

एक लिटर तेलाचे मोल

सोयाबीनच्या दाण्यात साधारणतः १८ ते २० टक्के तेल असते. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९२० ग्रॅम भरते. म्हणजेच एक लिटर सोयाबीन तेल मोरीत ओतणे हे सुमारे पाच किलो सोयाबीन ओतून देण्यासारखे आहे. पेरणी, कोळपणी, काढणी व मळणी ह्यांचे श्रम त्यात आलेच. भारताला आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणावे लागते, ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे.

म्हणून खरी काटकसर तेल उरल्यानंतर नव्हे, तर कढई चुलीवर ठेवताना सुरू होते. पसरट कढईपेक्षा लहान तोंडाच्या खोलगट कढईत थोड्या तेलात तळण होते. कढई तेलाने काठोकाठ भरू नये. थोडे थोडे जिन्नस सोडून तळावे. एकाच दिवशी अनेक जिन्नस तळावयाचे असल्यास शंकरपाळे, करंज्या असे तेल स्वच्छ ठेवणारे जिन्नस आधी, आणि भजी, वडे असे पिठाचे कण सोडणारे जिन्नस शेवटी घ्यावे. एवढ्या साध्या क्रमानेही तेल अधिक वेळ चांगले राहते.

तापविल्यावर तेलात काय घडते?

तळणाच्या वेळी तेलाचे तपमान साधारणतः १७० ते १९० अंश सेंटिग्रेड असते. ह्या तपमानात तेलावर तीन बाजूंनी आघात होतात. पहिला पाण्याचा. तळल्या जाणाऱ्या पदार्थातील पाणी वाफ होऊन बाहेर पडताना तेलाच्या रेणूंचे विघटन करते व मेदाम्ले मोकळी होतात. अशी मेदाम्ले वाढली म्हणजे तेल लवकर धूर देऊ लागते. दुसरा आघात हवेचा. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तेल खवट होते व त्यात आरोग्यास अपायकारक द्रव्ये निर्माण होतात. तिसरा आघात उष्णतेचा. तिच्यामुळे तेलाचे रेणू एकमेकांस जोडले जातात व तेल दाट आणि चिकट बनते. कढईच्या कडेला बसणारा तपकिरी, न निघणारा थर हा ह्याच क्रियेचा परिणाम होय.

ह्या तिन्ही क्रियांतून निर्माण होणाऱ्या बहुतेक द्रव्यांना शास्त्रीय भाषेत एकत्रितपणे ध्रुवीय संयुगे म्हणतात. त्यांचे प्रमाण मोजले की तेल किती बिघडले हे कळते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून असा नियम लागू केला की, ज्या तेलात ध्रुवीय संयुगांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले आहे, ते तेल अन्न शिजविण्यासाठी वापरता येणार नाही. खानावळी व फरसाणवाल्यांकडे हे प्रमाण मोजण्याची उपकरणे असू शकतात. घरी ती नसतात. घरी डोळे, नाक आणि हात ह्यांवरच विसंबावे लागते.

बाद तेल कसे ओळखावे?

पुढील लक्षणांपैकी एकही स्पष्ट दिसल्यास तेल अन्नातून बाद करावे :

१. तेलाचा रंग गडद तपकिरी किंवा काळपट झाला आहे.
२. तापविताना पृष्ठभागावर फेस येतो व तो लवकर मोडत नाही.
३. नेहमीपेक्षा कमी आचेवरच धूर निघू लागतो.
४. थंड तेल दाट झाले आहे व बोटांस चिकटते.
५. वास खवट किंवा उग्र येतो.

ह्यांपैकी काहीही दिसत नसेल तरीही तेच तेल वारंवार तळणास घेणे इष्ट नव्हे. एका तळणानंतर उरलेले तेल कोमट झाल्यावर मलमलीच्या दुपदरी फडक्यातून गाळावे, कारण तळाशी राहिलेले जळके कणच तेलाची पुढील नासाडी लवकर करतात. गाळलेले तेल कोरड्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, उजेडापासून व चुलीपासून दूर ठेवावे. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात ते ठेवू नये. ह्या धातूंच्या संपर्काने तेल लवकर खवटते. असे तेल पुन्हा तळणास न घेता भाजीच्या फोडणीस किंवा पराठे भाजण्यास घालून थोड्या दिवसांत संपवावे. वापरलेले तेल ताज्या तेलाच्या डब्यात कधीही ओतू नये. त्यामुळे ताजे तेलही लवकर बिघडते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जे तेल आपल्या मुलाबाळांना खाऊ घालण्यास आपण धजत नाही, ते “टाकवत नाही” म्हणून मजुरांना किंवा घरकामाच्या बाईंना देणे हे दान नव्हे. तेल अन्नातून बाद झाले म्हणजे ते सर्वांच्याच अन्नातून बाद झाले.

मोरीत ओतलेले तेल कोठे जाते?

उघड्या गटारांऐवजी घरोघर शोषखड्डे घेण्याचे काम अनेक गावांनी केले आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने अशा खड्ड्यांच्या साहाय्याने सांडपाणी जमिनीत जिरविले व डासांचा उपद्रव घटविला, हे उदाहरण राज्यात प्रसिद्ध आहे. परंतु शोषखड्ड्याचे सारे सामर्थ्य त्याच्या भोवतीच्या मातीतील बारीक छिद्रांत असते. ती उघडी आहेत तोवरच पाणी जिरते.

मोरीत ओतलेले तेल पाण्याबरोबर खड्ड्यात उतरते. तेथे ते थंड होते, दगडगोट्यांना चिकटते आणि अन्नाचे कण व साबणाचा साका धरून त्याचा बुळबुळीत थर बनतो. हा थर मातीची छिद्रे बुजवितो. मराठवाडा व विदर्भातील भारी काळ्या जमिनीत पाणी मुळातच सावकाश जिरते. तेथे हा परिणाम लवकर दिसून येतो. काही काळाने खड्डा तुंबतो, पाणी वर येते व त्यात डासांची पैदास होते. मग दोष खड्ड्याला दिला जातो. वस्तुतः तो कढईचा असतो.

ह्यावर दोन सोपे उपाय आहेत. पहिला असा की, तेलकट कढई, झारा व ताटे पाण्याखाली धरण्यापूर्वी राखेने, कोंड्याने किंवा जुन्या कागदाने पुसून घ्यावी. आपल्या आज्या भांडी राखेने घासत, त्यात शास्त्र होते. लाकडाच्या राखेत क्षार असतो. तो तेलाशी संयोग पावून थोडा साबण बनवितो व राहिलेले तेल राख स्वतःच शोषून घेते. ज्या घरी आता गॅस आहे व राख मिळत नाही, तेथे गव्हाचा कोंडा अथवा लाकडाचा भुसा चालतो.

दुसरा उपाय शोषखड्ड्याच्या तोंडाशी करावयाचा. तळाला छिद्रे पाडलेले मडके किंवा जुनी बादली घेऊन तीत नारळाची शेंडी किंवा वाळलेले गवत भरावे व मोरीचे पाणी त्यातून खड्ड्यात सोडावे. तेल व खरकटे ह्या गाळणीत अडकते. दर आठवड्यास गवत बदलावे. काढलेले गवत कोरडा पालापाचोळा मिसळून उकिरड्याच्या मधल्या थरात पुरावे.

बाद तेलाचा साबण

तेल व दाहक सोडा, म्हणजेच कॉस्टिक सोडा, ह्यांच्या संयोगाने साबण व ग्लिसरीन तयार होते. ह्या क्रियेस साबणीकरण म्हणतात. तेल खाण्यास अयोग्य झाले तरी साबणास अयोग्य होत नाही, कारण मोकळी झालेली मेदाम्लेही सोड्याशी संयोग पावून साबणच बनतात.

ह्या कामात वजनाला सर्वांत अधिक महत्त्व आहे. भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल किंवा करडई ह्यांच्या एक किलो तेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे १३५ ग्रॅम शुद्ध दाहक सोडा लागतो. पामतेलास सुमारे १४१ ग्रॅम व खोबरेल तेलास सुमारे १८३ ग्रॅम. घरचे उरलेले तेल बहुधा मिश्र असते. म्हणून सोडा नेहमी थोडा कमीच घ्यावा. तेल किंचित शिल्लक राहिले तर साबण सौम्य होतो. सोडा शिल्लक राहिला तर तो कातडी भाजतो. पुढील प्रमाण सुरक्षित आहे :

गाळलेले तेल : १ किलो (लिटर नव्हे, वजन करावे)
दाहक सोडा : १२५ ग्रॅम
पाणी : ३५० ग्रॅम

कृती अशी. तेल दोन दिवस स्थिर ठेवून वरचे निवळ तेल फडक्यातून गाळून घ्यावे. स्टीलच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या भांड्यात मोजलेले गार पाणी घ्यावे व त्यात सोडा थोडा थोडा टाकून लाकडी काठीने ढवळावे. हे द्रावण आपोआप अतिशय तापते व त्याच्या वाफा घसा जाळतात. म्हणून हे काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करावे. द्रावण कोमट होऊ द्यावे. तेलही तितकेच कोमट करावे. मग द्रावणाची बारीक धार तेलात सोडीत एकाच दिशेने ढवळत राहावे. अर्ध्या तासात, कधी अधिक वेळाने, मिश्रण कढीसारखे दाट होते व काठीवरून पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर तशीच राहते. हीच ओतण्याची वेळ होय. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या लाकडी खोक्यात मिश्रण ओतून ते झाकून ठेवावे. एकदोन दिवसांत ते घट्ट होते. नंतर हातमोजे घालून वड्या पाडाव्या व सावलीत, हवेशीर जागी, एकमेकींस न चिकटतील अशा मांडून चार ते सहा आठवडे मुरू द्याव्या. ह्या मुदतीत संयोग पूर्ण होतो, पाणी उडते व साबण टणक बनतो. घाई करून ताजा साबण वापरू नये.

सोयाबीन व सूर्यफूल ह्यांच्या तेलाचा साबण नरम होतो. त्यात पामतेल मिसळलेले असल्यास तो अधिक टणक होतो. विहिरीचे पाणी जड असेल तर ह्या साबणाचा फेस कमी होतो. कपडे भिजविताना पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालावा. हा साबण कपडे, फरशी, गोठ्यातील बादल्या व हातपाय धुण्यास उत्तम आहे. तोंडास किंवा लहान मुलांच्या अंगास तो लावू नये.

दाहक सोड्याविषयी इशारा

दाहक सोडा हे नावाप्रमाणेच दाहक आहे. तो डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. सबब पुढील नियम काटेकोरपणे पाळावे :

१. सोडा पाण्यात टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास द्रावण उसळून अंगावर उडते.
२. रबरी हातमोजे व डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय कामास हात घालू नये. पदर व ओढणी खोचलेली असावी.
३. ॲल्युमिनियमचे भांडे, चमचा किंवा साचा वापरू नये. सोडा ह्या धातूस खातो व पेट घेणारा वायू बाहेर पडतो.
४. सोडा अंगावर उडाल्यास ती जागा ताबडतोब वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धरावी. डोळ्यांत गेल्यास डोळा उघडा धरून तसेच पाणी सोडावे व विलंब न लावता रुग्णालयात जावे.
५. सोडा पिण्याच्या पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये. डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून तो कुलपात ठेवावा. काम चालू असताना मुलांना जवळ येऊ देऊ नये.

ज्या घरी वजनाचा अचूक काटा नाही किंवा लहान मुलांना दूर ठेवण्याची सोय नाही, त्या घरी साबण करूच नये. त्यापेक्षा चारसहा घरांचे तेल एकत्र करून बचत गटाने एका जागी, जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली साबण करावा, हे श्रेयस्कर.

साबणाचा शेतातील उपयोग

मुरलेला साबण निंबोळी अर्कात उपयोगी पडतो. निंबोळीतील तेलकट अंश नुसत्या पाण्यात नीट मिसळत नाही व फवारणीचे थेंब पानावरून ओघळतात. साबणाने हे दोन्ही दोष कमी होतात. पाच टक्क्यांचा अर्क करण्यासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या बारीक कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्या. सकाळी अर्क फडक्यातून गाळावा. २०० ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर कोमट पाण्यात विरघळवून तो अर्कात मिसळावा व स्वच्छ पाणी घालून एकूण १०० लिटर द्रावण करावे. हे द्रावण त्याच दिवशी, शक्यतो सायंकाळी फवारावे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी अशा रस शोषणाऱ्या किडींचा प्रादुर्भाव सुरू होतानाच ही फवारणी उपयुक्त ठरते.

घरचा साबण प्रत्येक वेळी सारखा उतरत नाही. म्हणून सबंध शेतावर फवारण्यापूर्वी चारदोन झाडांवर फवारून दोन दिवस वाट पाहावी. पाने करपली नाहीत तरच पुढे जावे. साबणाऐवजी नुसते तेल पाण्यात ढवळून मात्र फवारू नये. ते वर तरंगते, पंपातून एकदम बाहेर पडते व पाने जाळते.

अवजारांस संरक्षण

हंगाम संपल्यावर नांगराचा फाळ, कोळप्याची पास, विळे, खुरपी व कुदळी गंजतात. लोखंडावर तेलाचा पातळ थर असला तर हवा व दमटपणा धातूपर्यंत पोहोचत नाही. मात्र तळणीच्या तेलात मीठ व पाण्याचा अंश राहिलेला असतो आणि मीठ गंज वाढविते. सबब असे तेल प्रथम गाळून, मंद आचेवर बुडबुडे थांबेपर्यंत तापवून, निवळू द्यावे व वरचे स्वच्छ तेलच घ्यावे. अवजारे माती खरवडून, धुऊन व उन्हात वाळवून, फडक्याने अगदी पातळ थर द्यावा. जाड थर चिकट बनून धूळ धरतो व त्याच्या वासाने उंदीर येतात.

करडई, सूर्यफूल व सोयाबीन ह्यांची तेले हवेत हळूहळू वाळून पापुद्रा धरतात. फाळाच्या रक्षणास हा गुण उपकारक आहे. परंतु जेथे चाक किंवा दांडा फिरावयाचा असतो तेथे तोच गुण अपायकारक ठरतो. म्हणून विहिरीवरील पंप, एंजिन, कडबा कापण्याचे यंत्र व शिवणयंत्र ह्यांस वंगण म्हणून हे तेल घालू नये.

तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कापसाजवळ किंवा कडब्याजवळ ठेवू नये. वाळणाऱ्या तेलाच्या चिंध्या एकत्र दाबून राहिल्यास आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्या.

काय करू नये?

जनावरांच्या खुराकात बाद तेल घालू नये. गाईम्हशींच्या पोटातील सूक्ष्म जंतू वैरणीतील तंतू पचवितात; तेल अधिक झाल्यास त्यांचे काम मंदावते व जनावर वैरण खाईनासे होते. शिवाय खवट तेलातील अपायकारक द्रव्ये जनावरांच्याही पोटात जातात.

कंपोस्ट खड्ड्यात तेल ओतू नये. तेलाच्या थराने हवा अडते व खत कुजण्याऐवजी नासते. राखेत किंवा भुशात जिरलेले चमचा-दोन चमचे तेल मोठ्या ढिगात मिसळल्यास हरकत नाही. गांडूळखताच्या वाफ्यात मात्र तेवढेही घालू नये. गांडूळ त्वचेने श्वास घेते व तेल तिचा श्वास कोंडते. गोबरगॅस संयंत्रात थोड्या तेलाने वायू वाढतो हे खरे. तथापि प्रमाण जरासे चुकले तरी साय धरते व वायू तयार करणारे जंतू दुर्बळ होतात. त्या मोहात पडू नये.

डिझेल एंजिनात हे तेल ओतण्याचा प्रयोग कोणी करू नये. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनात एक लहान डिझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते, ही गोष्ट सत्य आहे. परंतु वनस्पती तेल डिझेलपेक्षा पुष्कळ दाट असते. आजच्या एंजिनाच्या बारीक तोट्यांत त्याची राळ बसते व दुरुस्तीचा खर्च वाचविलेल्या डिझेलच्या कितीतरी पट होतो. तेलापासून जैवडिझेल बनविण्यास मिथेनॉल लागते. ते विषारी व ज्वालाग्राही आहे. ते काम कारखान्याचे आहे, घरचे नव्हे.

गावातील संकलन

ऑगस्ट २०१८ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वापरलेले खाद्यतेल गोळा करून त्याचे जैवडिझेल बनविण्याची “रुको” नावाची योजना सुरू केली. २०१८ च्याच राष्ट्रीय जैवइंधन धोरणात वापरलेल्या खाद्यतेलास जैवडिझेलचा कच्चा माल म्हणून स्थान देण्यात आले. ह्या व्यवस्थेचा लाभ खेड्यास मिळावयाचा तर तेल एका ठिकाणी जमणे आवश्यक आहे; एकट्या घराच्या अर्ध्या लिटरसाठी कोणी गावात येणार नाही.

समजा, ३०० उंबऱ्यांच्या गावात दिवाळीनंतर दर घरी अर्धा लिटर तेल उरले. एकूण १५० लिटर झाले. हेच तेल मोरीत गेले तर ३०० शोषखड्डे बिघडवील. एकत्र झाले तर पिंपात मावेल. गावातील भजीवाले, खानावळी, मंगल कार्यालय व आश्रमशाळा ह्यांचे तेल त्यात मिळाले की गाडी बोलाविण्याइतका माल होतो. बचत गटाने झाकणाचे एक पिंप सावलीत ठेवावे, त्यावर “वापरलेले तेल : खाण्यास अयोग्य” असे ठळक लिहावे व आणलेल्या तेलाची वहीत नोंद करावी. पाणी व खरकटे असलेले तेल घेऊ नये.

तेल कोणाच्या हाती देतो ह्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. जास्त भाव देणारा अनोळखी व्यापारी हे तेल रंग उतरवून पुन्हा खाण्यासाठी विकू शकतो व तेच तेल बाजारच्या दिवशी आपल्याच मुलांच्या हातातील भज्यांतून परत येऊ शकते. सबब जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात चौकशी करून, मान्यताप्राप्त संकलकासच तेल द्यावे व पावती घ्यावी.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

व्याख्यानापेक्षा पुढील प्रात्यक्षिक अधिक परिणामकारक होते. दोन सारख्या प्लॅस्टिक बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या टांगाव्या. तोंडास फडके बांधून दोहोंत त्याच गावची चाळलेली माती अर्ध्यापर्यंत सारखी भरावी व दोहोंत सारखे पाणी घालून ते जिरू द्यावे. नंतर एकीत दोन चमचे बाद तेल घालून बाटल्या रात्रभर तशाच ठेवाव्या. दुसऱ्या दिवशी सभेत दोन्ही बाटल्यांत एकेक पेला पाणी ओतावे व ते जिरण्यास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून सर्वांसमोर मोजावे. तेल घातलेल्या मातीवर पाणी अडून राहते. “ही दुसरी बाटली म्हणजे आपल्या घरामागचा शोषखड्डा,” एवढेच सांगावे.

सभा स्त्रियांच्या सोयीच्या वेळी घ्यावी, कारण कढई त्यांच्या हाती आहे व निर्णयही त्यांचाच राहणार आहे. आषाढापूर्वी एक व दिवाळीपूर्वी एक अशा दोन सभा पुरेशा होतात. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या ह्यांना बरोबर घ्यावे. डासांचा व तळणीच्या तेलाचा संबंध त्या घरोघर समजावून देऊ शकतील. प्रत्येक घराकडून एकच निश्चय मागावा : ह्या सणाचे उरलेले तेल मोरीत जाणार नाही. साबण, वंगण व संकलन ह्यांची निवड ज्याच्या त्याच्या सोयीवर सोडावी. सणानंतर आठ दिवसांनी पुन्हा गावात जावे, दहा घरांचे शोषखड्डे स्वतः पाहावे आणि पिंपात किती तेल जमले त्याची नोंद घ्यावी. पुढील सभेची सुरुवात ह्या नोंदीपासूनच करावी.